सगुणेचा दिवा

आंबेखोलच्या दळव्यांच्या थोरल्या घराला शाप आहे, असं गाव मानायचं. नवी सून देवळात समई लावायची, ती विझायची आणि सुनेला कायमचं माहेरी धाडलं जायचं. यंदा पाळी सगुणेची होती. समईत तेल घालायचं ते धाकट्या घराने, म्हणजे चुलत सासरे बाजीरावांनी, अशी तिथली रीत. थोरलं घर बुडालं की देवळाचा मान त्यांचाच होणार होता.

सगुणेने वात पेटवली. ती तडतडली आणि विझली. नवऱ्याने मान खाली घातली.

"सुनेचा हात लागला की असंच होणार," बाजीराव म्हणाले. "उद्याच हिला पोचती करा."

ती तडतड सगुणेच्या कानात राहिली होती. ती अदबीने म्हणाली, "मामंजी, शाप सुनांना आहे. मग तुम्हीच लावा."

सगळं गाव बघत होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. बाजीरावांनी वात पेटवली. तीही तडतडून विझली.

"आता एक तर तेलात पाणी आहे," सगुणा म्हणाली, "नाहीतर मामंजी, तुम्हीही या घरची सून आहात."

देऊळभर हशा पिकला. सासूबाईंनी घरचं तेल आणवलं, समई पुसून सगुणेपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "लाव गं बाई."