वानराचा उसना आवाज

एका जंगलातल्या पाणवठ्याकाठी, उंच जांभळीच्या शेंड्यावर एक म्हातारा वानर राहत असे. मुलांनो, त्याचे काम एकच : पहारा. बिबट्या दिसला की तो ‘खक् खक्’ असा ओरडे आणि खाली चरणारी हरणे क्षणात पसार होत. वाट मोकळी असली की तो ‘हुप्प’ म्हणे आणि हरणे निर्धास्तपणे पाण्यावर येत. मान वर करून पाहायची कुणाला गरजच वाटत नसे. आवाज ओळखीचा, तेवढे पुरे.

त्याच जंगलात एक भृंगराज होता, कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करणारा काळा पक्षी. तरुण वानर त्याच्यावर बेहद्द खूश होते. “आजोबा, किती दिवस घसा फोडणार? याला शिकवा तुमची हाक आणि तुम्ही जांभळं खात बसा!” म्हातारा कचरला. पण घसा दुखतच होता, शिवाय नाही म्हटले तर आपण जुनाट ठरू, अशी धास्तीही होती. त्याने हाक शिकवली. भृंगराजाने ती अशी काही दिली की एक हरिणी हसून म्हणाली, “आजोबा, तुमचा आवाज तुमच्यापेक्षा यालाच शोभतो हो!”

एके दुपारी म्हातारा फांदीवर डुलक्या घेत होता. तोच खालच्या करवंदीच्या जाळीतून स्पष्ट ‘हुप्प’ ऐकू आले. तो दचकला. आवाज त्याचाच! ‘मी ओरडलो? झोपेत? की मला भ्रम व्हायला लागला?’ त्याने स्वतःचे तोंड चाचपले. ते मिटलेले होते. मग जाळीत एक ठिपकेदार शेपटी हलली. तिथे बिबट्या दबा धरून बसला होता आणि त्याच्या डोक्यावरच्या फांदीवरच भृंगराज! बिबट्या चालला की गवतातून किडे उडत आणि ते भृंगराजाला आयते मिळत. तेवढ्यासाठी तो आता बिबट्याच्या सोयीनेही ती हाक देऊ लागला होता. आणि ती हाक ऐकून हरिणी पाडसासह पाण्याकडे निघालीही होती.

“खक्! खक्!” म्हातारा जिवाच्या आकांताने ओरडला.

“हुप्प,” जाळीतून उत्तर आले.

हरिणी थबकली. “आजोबा, हे काय चाललंय? येऊ की पळू? एक काय ते सांगा ना!” पाडस मात्र पुढे चालतच राहिले. म्हातारा पुन्हा ओरडला. जाळीतून पुन्हा तोच आवाज. दोघांत तसूभरही फरक नव्हता. आता नुसते ओरडून उपयोग नाही, हे त्याला कळले. त्याने बिबट्याच्या देखत जमिनीवर उडी मारली. शहाणा वानर असे कधी करत नाही! तो स्वतः ‘खक् खक्’ ओरडताना दिसताच खरी हाक कुठली ते हरिणीला कळले; तिने पाडसाला ढुशी दिली आणि दोघेही सुसाट सुटली. बिबट्याचा पंजा म्हाताऱ्याची पाठ ओरबाडून गेला. तो कसाबसा झाडावर चढला.

बिबट्या निघून गेल्यावर हरिणी झाडाखाली आली. “आजोबा, यापुढे नुसती हाक नका देऊ. खाली या, मला दिसा. मगच मी पळेन.”

“अगं वेडे, मी खाली येईपर्यंत तो तुझ्या पाडसावर झेपावलेला असेल!”

हरिणीने पाडसाला पोटाशी घेतले आणि पाणी न पिताच ती परत फिरली.

तात्पर्य : हुबेहूब नक्कल होऊ लागली की खोटे खरे वाटते, एवढ्यावर नुकसान थांबत नाही, खरेही खोटे वाटू लागते. म्हणून ज्या हाकेवर कुणाचा जीव विसंबून आहे, ती हाक दुसऱ्याच्या हवाली करू नये.