शास्त्रीबुवांची शाल

देशमुखांच्या कचेरीत त्र्यंबकशास्त्र्यांनी नवा शब्द काढला. "ज्या वस्तूच्या बदली तसलीच दुसरी दिली तरी चालते, ती अन्योन्यप्रतिस्थापनक्षम! गावंढळांकडे यासाठी शब्दच नाही. कुणी दाखवला, तर ही माझी शाल त्याची. नाही जमलं, तर वर्षभर माझ्या घरची धुणी धुवायची."

दळणकांडण करणारी ठकूबाई पुढे आली. "ते बघू मागाहून. काल तुमच्या घरून वहिनी आल्या नि माझ्याकडचं शेरभर पीठ घेऊन गेल्या. ते आधी परत करा."

"संध्याकाळी देतो शेरभर."

"दुसरं नको, माझंच पाहिजे."

"तुझंच कुठून आणू? त्याच्या भाकरी खाल्ल्या आम्ही!"

"अगं बाई! परवा माझं सूप नेलंत, ते तर तेच परत केलंत. मग पीठच कसं गिळलंत?"

शास्त्रीबुवा तांबडेलाल झाले. "सूप मागून नेतात, बाई! पीठ उसनं नेतात, उसनं! एवढंही कळत नाही?"

देशमुखच आधी खो खो हसत सुटले.

ठकूबाईनं पदर पुढे केला. "द्या. आणि हो, शाल मात्र हीच हवी. तसलीच दुसरी चालायची नाही."