भागूकाकीचा विस्तव

एका गावात एक चूल होती. काडेपेटी तेव्हा कुणी पाहिलेलीच नव्हती, म्हणून ज्या घरी विस्तव, ते घर साऱ्या गावाचं.

चूल होती भागूकाकीची. तिची सासू मरताना तिचा हात धरून म्हणाली होती, "भागू, दागिने मोडलेस तरी चालेल. ही चूल थंड होऊ देऊ नकोस." काकीने शब्द पाळला. निजताना ती निखाऱ्यांवर राख ओढायची. पहाटे उकरलं की खाली तांबडं फूल तसंच.

मग बायका यायच्या. हातात खापरी, खापरीत गोवरीचा तुकडा. प्रत्येकीने चुलीपुढे उकिडवं बसायचं, विस्तवावर फुंकर घालायची, आपला निखारा उचलायचा. फुंकता फुंकता कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस व्याली, सगळं कळायचं. धुराने भरलेले डोळे पुसत बायका हसायच्या. काय त्या सकाळी होत्या! आता काडी ओढली की जाळ होतो, पण त्यासाठी कुणी कुणाच्या दारात येत नाही.

एका वर्षी काकीची गाय आटली. पाठोपाठ परड्यातला भोपळा किडला. माणसाचं मन असं, की नुकसान झालं की ते आधी दाराकडे बघतं, कोण काय घेऊन गेलं म्हणून. आपली बरकत त्या खापऱ्यांतून बाहेर चाललीय, असं काकीच्या मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची ठकू आली. तिची सून बाळंत झालेली, शेकायला विस्तव हवा होता. काकीने दार अर्धंच उघडलं.

"विस्तव नाही."

"अहो काकी, धूर दिसतोय की कौलांतून!"

"दिसतोय ना? मग धूरच ने."

ठकू मागे फिरली. खापरी पदराआड धरून ती ओढ्यापलीकडच्या कुंभाराकडे गेली आणि तिथून निखारा घेऊन आली. काकीचं दार मग कुणालाच उघडेना, तसा हळूहळू सारा गाव ठकूकडेच जाऊ लागला.

इकडे काकीची चूल एकटी पडली. कुणी ढवळेना, कुणी फुंकेना. आता विस्तव विझला तर मागायचा कुणाकडे, ही धास्ती. म्हणून काकी रोज थोडी राख जास्तच ओढू लागली. एका पहाटे तिने राख उकरली. वर राख, खालीही राख. हात घातला, तर गार. जपता जपता तिनेच विस्तवाचा श्वास कोंडला होता.

"सासूबाई, मी शब्द बुडवला हो," म्हणून ती ढसाढसा रडली. उन्हं वर आली तरी उपाशीच बसून राहिली. मग उठली आणि जन्मात पहिल्यांदा खापरी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभी राहिली.

ठकू नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती.

"काय काकी, धूर न्यायला आलात?"

काकीने मान खाली घातली. ते बघून ठकूचा राग पाण्यासारखा वाहून गेला.

"या आत. माझे हात ओले आहेत, तुम्हीच घ्या निखारा. आधी फुंकर घाला."

काकी वाकली. फुंकर घालून म्हणाली, "परका विस्तव नेतेय गं. सासूबाईंचा होता, तो गेलाच."

"परका कुठला? त्या म्हाताऱ्या कुंभाराला मी विचारलं होतं, बाबा, तुझा विस्तव कुठला? म्हणाला, पहिली भट्टी लावायची होती, तेव्हा भागूच्या सासूने खापरीभर निखारे दिले. तेव्हापासून तोच राखलाय."

काकीने डोळ्यांना पदर लावला.

"काय झालं हो काकी?"

"काही नाही गं. धूर गेला डोळ्यांत."

त्या दिवसापासून काकीच्या दाराला सकाळी कधी कडी लागली नाही. गाय आटली होती ती आटलेलीच राहिली. पण पहाटे चुलीपुढे पुन्हा चार खापऱ्या आल्या, आणि चार जणींच्या फुंकरी.

तात्पर्य: दिलेलं कुणाच्या तरी चुलीत जागं राहतं, धास्तीने दडपलेलं आपल्याच राखेत विझतं.