अंगणावरून गेलेली केबल

एका डोंगरावर एक वाडी होती. तिथं मोबाइलला रेंज नव्हती, पण पायथ्याच्या गावातून केबल वर आली आणि वाडीत कॉम्प्युटर दिसू लागले. एक केबल जंगलाच्या अंगानं चढली आणि सुंद्राबाईच्या घरी येऊन संपली. दुसरी ओढ्याच्या काठानं आली आणि गोदाक्काच्या घरी थांबली. दोन्ही घरं शेजारी. मधे फक्त सुंद्राबाईचं अंगण आणि एक दगडी गडगा.

केबल ओढणाऱ्या कारागिरानं सुंद्राबाईच्या ओटीवर, गोठ्याच्या दाराला लागूनच कॉम्प्युटर मांडला.

"वहिनी, ही पेटी, हा पडदा, ही बटणं, हे सगळं हाताला लागतं. त्याला हार्डवेअर म्हणतात. पेटीनं काय करायचं ते तिला आतून शिकवून ठेवलेलं असतं, ते सॉफ्टवेअर. आणि एका पेटीतलं बोलणं दुसरीत नेणारी वाट म्हणजे नेटवर्क."

मग अंगणाकडे बोट करून तो म्हणाला, "इथून गोदाक्कांच्या घरापर्यंत एक तुकडा टाकला ना, की दोन्ही केबली जुळतील. उद्या एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूनं काम चालू राहील."

सुंद्राबाईचा चेहरा आक्रसला. गडग्यावरच्या फणसावरून तिचं आणि गोदाक्काचं बोलणं बंद होतं. "माझ्या अंगणावरून तिच्या घरात काही जायचं नाही," ती म्हणाली. "माझं मला पोचलंय ना? बास झालं."

कारागीर खांदे उडवून निघून गेला.

पुढं एका सकाळी सुंद्राबाईची गाय तांबू विण्यासाठी अडली. ती कळा देत होती, पण वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता. सुंद्राबाईनं धावत जाऊन कॉम्प्युटर लावला. जनावरांचे डॉक्टर पडद्यावर येऊन सल्ला द्यायचे. पेटी सुरू झाली, प्रोग्रॅमही उघडला, पण डॉक्टर काही दिसेनात. वानरांनी झोके घेऊन जंगलातली केबल तोडली होती. यंत्र धड, त्याची विद्याही धड, फक्त वाट मोडलेली.

गोठ्यात तांबू हंबरली. सुंद्राबाई गडग्याशी गेली. हाक मारणार, तोच तिची नजर फणसाकडे गेली. तशीच परत फिरली. तांबूनं मान टाकलेली पाहिली, तेव्हा मात्र ती पुन्हा धावली.

"गोदाक्का! अगं, माझी तांबू अडलीय!"

गोदाक्का भाकरी टाकत होती. पिठाच्या हातानंच ती उठली आणि तिनं आपल्या कॉम्प्युटरवर डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर विचारायचे, गोदाक्का गडग्यापर्यंत धावत येऊन ओरडायची, सुंद्राबाईचं उत्तर घेऊन परत धावायची.

"दुसरा पाय आत दुमडलाय का विचारतायत!"

"हो गं, दुमडलाय!"

"हाताला तेल लाव! कळ थांबली की वासरू जरा मागं ढकल, खूर मुठीत धर, मग पाय पुढं घे!"

प्रत्येक प्रश्नाला एक फेरी. गोदाक्काला धाप लागली, पण ती थांबली नाही. अखेर पाय सुटला, वासरू बाहेर आलं. पण त्याच्यात जीव नव्हता.

गोदाक्का गडगा ओलांडून आत आली आणि गोठ्याच्या दारात टेकली.

"माझेच पाय कमी पडले गं," ती म्हणाली.

"नाही अक्का," सुंद्राबाई तांबूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ही वाट मीच लांब केली."

गाय वाचली होती. ती वासराला चाटत राहिली. दोघींनाही तिच्याकडे पाहवेना.

कारागीर जंगलातली केबल जोडायला आला, तेव्हा सुंद्राबाईनं त्याला अंगणात बोलावलं. "तो तुकडा टाक," एवढंच म्हणाली, आणि त्याची शिडी तिनं स्वतः धरली.

पुढल्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि काठावरची केबल वाहून गेली. कारागीर अवजारं घेऊन ओढ्याकडे निघालेला सुंद्राबाईला दिसला. तिनं पलीकडे पाहिलं. गोदाक्का ओसरीवर बसून दूरदेशीच्या लेकाशी पडद्यावर गप्पा मारत होती, मधेच खळखळून हसत होती. आपली केबल तुटलीय हे तिला कळलंही नव्हतं.

सुंद्राबाईनं ते तिला सांगितलं नाही. चरवी घेतली आणि ती तांबूची धार काढायला बसली.

तात्पर्य: दुसऱ्याची वाट अडवणारा नकळत आपलीच एक वाट बंद करत असतो.