पेठेतली घंटा

त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. आभाळ धुरकट होतं, झाडाचं पान हलत नव्हतं. अशा दिवशी आवाज लांबवर जातो.

एका राजाच्या नगरात गुणवंतशेट नावाचा मोठा व्यापारी राहायचा. तिथल्या पेठेचा तोच प्रमुख. पेठेत एक जुनी घंटा टांगलेली होती, ती त्याच्याच ताब्यात असायची. कुणावर अन्याय झाला की त्यानं ती वाजवायची. घंटा वाजली की सगळ्या दुकानांना फळ्या लागायच्या, आणि राजा स्वतः पेठेत येऊन न्याय करीपर्यंत त्या निघायच्या नाहीत. अशी रीतच होती.

त्या दिवशी शेटच्या शेजारच्या येसू कासाराचं दुकान शिपायांनी हत्तीखान्यासाठी घेतलं. येसूनं घंटा वाजवली. पेठ बंद झाली. राजाला त्या उकाड्यात चालत यावं लागलं, आणि दुकान परत द्यावं लागलं.

ते राजाच्या मनात राहिलं. त्यानं गुणवंतशेटला बोलावलं. म्हणाला, "शेटजी, साऱ्या मुलखाच्या मिठाचा मक्ता आजपासून तुमचा. तेवढी ती घंटा वाड्यावर पाठवून द्या."

पेठेनं शेटपुढं हात जोडले. शेट म्हणाला, "राजा आता आपल्या घरचाच झालाय. घंटा कशाला लागते?"

घंटा उतरली. राजानं ती वितळवून हत्तींच्या गळ्यात बारक्या घंटा घातल्या.

शेटचं मीठ घराघरांत गेलं. राजाच्या पंगतीत त्याला उजव्या हाताचा पाट मिळाला. राजा त्याच्याशी हसून बोलायचा, आणि शेट घरी येऊन त्या हसण्याचा अर्थ लावत बसायचा. राजाचंही तसंच. शेटनं पाठवलेला पेढा तो आधी नोकराला चाखायला लावायचा.

एकदा येसूनं विचारलं, "शेट, राजाकडं जेवून येता, अन् घरी पुन्हा भाकरी मागता?"

"तिथं घास उतरत नाही रे," शेट म्हणाला.

पुढं एका उत्सवात लोक राजाला मुजरा करून शेटपुढंही वाकले. राजानं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी शिपाई आले. वखारीला राजाची मोहोर लागली, आणि शेटचा एकुलता एक मुलगा गडावरच्या तुरुंगात गेला.

शेट अनवाणी पेठेत धावला. त्याचा हात आपसूक वर गेला. वर नुसती तुळई होती.

"फळ्या लावा रे, माझं पोर नेलं," तो म्हणत राहिला.

लोकांनी माना खाली घातल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "राजा तुमच्या घरचाच ना, शेट?"

येसू दुकानातून खाली उतरला. त्यानं शेटला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. मग आपल्या दुकानाची एकेक फळी लावली आणि त्याच्याजवळ येऊन बसला.

"माझं दुकान बंद केलं, शेट," तो म्हणाला. "पण एकट्या कासाराच्या फळ्यांचा आवाज वाड्यापर्यंत जायचा नाही."

तात्पर्य: सगळ्यांचा आधार देऊन टाकून जो राजाची मर्जी मिळवतो, त्याच्यावर वेळ येते तेव्हा ती मर्जीही उरत नाही आणि तो आधारही.