मागं थांबणारा भुंगा

माळावर माणसांपेक्षा तित्तर जास्त होते, तेव्हाची गोष्ट. येसाजी शिकाऱ्याची म्हातारी कुत्री झिपरी पाखराचा वास आला की एक पाय उचलून जागच्या जागी थांबे. पुढचं कुत्रं थांबलं की मागच्यानंही थांबायचं, हा शिकारीचा रिवाज. शिकाऊ कुत्रा भुंगा मात्र दर वेळी पुढं झेपावे आणि पाखरं भुर्रकन उडून जात.

"झिपरीही हल्ली चुकते," एका सकाळी येसाजी पुटपुटला. "आज चुकली तर उद्यापासून घरीच."

करवंदीच्या जाळीपाशी झिपरी थांबली. भुंग्यानं हुंगलं. जाळीत काहीच नव्हतं. तित्तर डावीकडच्या गवतात होता! भुंग्याचे पाय शिवशिवले. तेवढ्यात झिपरीचा उचललेला पाय थरथरताना त्याला दिसला. तो मुकाट तिच्यामागं थांबला.

येसाजीनं जाळी झोडपली. रिकामी! "दोघंही थांबली म्हणजे पाखरू इथंच होतं. आत्ताच निसटलं असणार," म्हणत त्यानं दोघांना थोपटलं.

परतताना झिपरीनं विचारलं, "जाळी रिकामी आहे, हे तुला कळलं होतं ना रे?"

"नाही मावशी. माझं नाक अजून कच्चं आहे."

झिपरीनं त्याचा कान चाटला. मग म्हणाली, "उद्या तू पुढं हो. मी मागं थांबेन."