मधला ओढा

दीड किलोमीटर म्हंजी काय लांब न्हाई? त्या शिक्षण खात्याच्या सायबाला म्हनावं, चालून दाव! भाऊसाहेब, तुमी ग्रामसेवक, पर परवा रजेवर होता, म्हनून सांगतो.

साहेब बैठकीत म्हनला, "तुमची शाळा बंद. वीसच पोरं आहेत, ती मोरदऱ्याच्या शाळेत घाला. दीड किलोमीटर तर आहे!"

माझी चंपी सात वर्सांची. मी उठलोच.

"मग मोरदऱ्याची पोरं हिकडं धाडा, साहेब. रस्ता त्योच, अंतर तेवढंच."

साहेब भडकला, "अहो, मधे ओढा आहे! लहान मुलं बुडतील ना!"

"आन् आमची काय मासोळ्या हाईत व्हय?"

सायबानं फाईलच मिटली.

भाऊसाहेब, सायबाचं ओढ्याचं बोलनं जसंच्या तसं शाळा चालू ठेवायच्या ठरावात लिवा. आत्ता, माझ्यासमोर.